लिफ्टमधली चित्रं: एका सोसायटीच्या प्रकल्पाच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

कार्यकारिणीच्या बैठकीत 'लिफ्ट व जिन्यातील वर्तन' हा विषय चौथा होता. त्यापुढचे सगळे विषय पुढच्या महिन्यावर गेले.

आमच्या सोसायटीत (पुणे, कर्वेनगर, तीन विंग, प्रत्येकी सात मजले) पाट्यांची वानवा नाही. 'बेल एकदाच वाजवावी. आम्ही घरात आहोत, हिमालयात नाही.' 'चपला येथे काढल्यास त्या दान केल्या असे समजण्यात येईल.' 'लिफ्ट सार्वजनिक आहे, तुमचा फोन खासगी आहे.' या शेवटच्या पाटीचा फोटो तर इतका फिरला, की बी विंगमधल्या एकांना तो न्यू जर्सीच्या मेव्हण्याकडून परत आला, 'बघा तुमच्या पुण्यातली गंमत' म्हणून. तो त्यांनी लिफ्टमध्ये उभं राहून, स्पीकरवर, मेव्हण्याशी हसत हसत वाचला.

म्हणजे पाटी वाचून माणूस हसतो आणि हसला की आपलं काम झालं असं समजतो. चेअरमनसाहेब म्हणाले, शब्द काढून टाका, चित्रं लावा. व्यावसायिक चित्रकाराचा खर्च ऐकल्यावर तेच म्हणाले, आपल्यात कमी कलाकार आहेत का? आहेत किती हे कुणालाच माहीत नसल्यामुळे परीक्षा घ्यायचं ठरलं. शाळेत असताना मला चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत बी ग्रेड होती हे कुणीतरी कोजागिरीला ऐकलेलं, त्यामुळे प्रकल्प माझ्या गळ्यात.

उद्दिष्ट: गणपतीच्या आत, म्हणजे २७ ऑगस्टच्या आत, तिन्ही लिफ्टमध्ये चित्रं.
ठराव: नोंदवहीत आडनावं लिहायची नाहीत. मजला लिहिला तरी चालेल.

८ जून, रविवार

ए विंगच्या तळमजल्यावरच्या सरांकडे गेले. सर चित्रकलेचे शिक्षक होते, आता निवृत्त. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला मुलं बसवण्यात त्यांची हयात गेली. परीक्षक व्हाल का विचारलं, तर आधी विचारलं, "चहा मिळणार का?" आणि मग, "खरे ग्रेड द्यायचे का सोसायटीतले?" खरे द्या म्हटलं.

एलिमेंटरीला चार पेपर असतात: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन. मोठ्या माणसांना रविवारी एवढं बसवणं शक्य नाही, म्हणून दोनच ठेवले. वस्तुचित्र हवंच, असं सरांचं म्हणणं. हात किती तयार आहे ते तिथे कळतं. आणि स्मरणचित्र, कारण आम्हाला लिफ्टमधले प्रसंगच हवे आहेत. भूमिती गाळल्याचं ऐकून सी विंगचे निवृत्त इंजिनिअर (पिंपरीच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला होते) जरा खट्टू झाले.

सरांची एकच अट. परीक्षेच्या हॉलमध्ये आणि नंतरही चित्राला 'छान' म्हणायचं नाही. "छान म्हटलं की पोरगं थांबतं. दुसरं काहीही म्हणा."

ग्रुपवर सूचना टाकली. पहिला प्रश्न: याचे गुण कुठे धरणार? दहावीला इंटरमिजिएटच्या ए ग्रेडचे ७, बीचे ५ आणि सीचे ३ वाढीव गुण मिळतात, तेव्हा एखाद्या आईनं विचारलं असतं तर समजू शकले असते. विचारलं ते पाचव्या मजल्यावरच्या आजोबांनी.

१५ जून, रविवार

चित्रांचे विषय ठरवायला गच्चीवर बैठक. लिफ्टमध्ये स्पीकरवर बोलणं, पाठीवरची सॅक न उतरवणं, मोठ्या आवाजात रील बघणं, बोळात चपलांचं कपाट ठेवणं, कुत्र्यानं केलेलं न उचलणं, हे विषय एका दमात मंजूर झाले. हे सगळं दुसरे करतात यावर पूर्ण एकमत होतं.

गाडी अडली ती 'न कळवता येणं' या विषयावर.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना हा विषयच कळेना. पूर्वी माणूस दारात उभा राहिला की कळायचं आलाय म्हणून. वेगळं काय कळवायचं? पाचव्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, आता दिवस बदलले, फोन करून जावं. यावर सी विंगचा चोवीस वर्षांचा मुलगा शांतपणे म्हणाला, "काका, न विचारता फोन करणं हेच तर रूड आहे. आधी मेसेज टाकायचा, 'कॉल करू का' म्हणून."

"आणि मेसेजच्या आधी काय, पोस्टकार्ड?" काकू.

मुलगा थट्टा करत नव्हता. त्यानं पुढची कलमंही सांगितली. तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवू नये. नुसतं 'हॅलो' लिहून गप्प बसू नये, समोरच्याला वाटतं काहीतरी झालंय. आणि मेसेजच्या शेवटी पूर्णविराम देऊ नये, तो रागावल्याची खूण असतो.

काकू तीस वर्षं शाळेत मराठी शिकवत होत्या. त्यांचा प्रत्येक मेसेज, 'हो.' सुद्धा, पूर्णविरामासकट जातो. त्यांनी तिथल्या तिथे भाच्याला फोन लावला (आधी मेसेज न टाकता) आणि विचारलं, मी तुझ्यावर रागावलेय असं तुला वाटतं का? पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "म्हणजे रागावली नाहीस?"

मग मयताच्या बातमीवर अंगठा दाखवण्याचा मुद्दा निघाला. अंगठा दाखवणारे आजोबाच होते. त्यांचं म्हणणं, वाचलं एवढंच कळवायचं असतं, पोस्टात पोचपावती नसायची का? यावर कुणाला उत्तर सुचेना. फोनवरचे सगळे विषय बाजूला ठेवले, लिफ्टपुरतंच बघायचं ठरलं.

एक सूचना अशीही आली, की 'डिलिव्हरीवाल्यांनी जिना वापरावा' असं चित्र काढावं. ज्याच्याकडून दहा मिनिटांत सातव्या मजल्यावर कोथिंबीर हवी त्यालाच जिना दाखवायचा, याला शिष्टाचार म्हणत नाहीत. मी हे बोलायच्या आत सर म्हणाले, "ते चित्र मी तपासणार नाही." विषय तिथेच संपला.

२२ जून, रविवार

पालख्यांमुळे रस्ते बंद, साहित्य आणायला जाता आलं नाही. निम्मे परीक्षार्थी वारकऱ्यांना राजगिऱ्याचे लाडू वाटायला गेले होते. तिथे कुणी कुणाला धक्का दिला नाही, चपला वाटेत काढल्या नाहीत, सगळे रांगेत. हीच माणसं आपल्या लिफ्टमध्ये शिरली की काय होतं, हा वेगळा प्रकल्प होईल.

२९ जून, रविवार

काल अप्पा बळवंत चौकातून कागद, फोर-बी पेन्सिली आणि खोडरबर आणले. कागद पाव इम्पिरियल, ११ गुणिले १५ इंच. शाळेत असतानाचाच आकार. दुकानदारानं विचारलं, मुलगा कितवीत आहे? काही बोलले नाही.

आज पेपर पहिला, वस्तुचित्र. गच्चीखालच्या हॉलमध्ये सरांनी स्टुलावर मांडणी केली: पितळी तांब्या, दोन वांगी, मागे निळा टॉवेल चुण्या पाडून. परीक्षार्थींनी आत येताच पेन्सिल काढायच्या ऐवजी फोन काढले. प्रत्येक कोनातून तांब्याचे फोटो झाले. एका ताईंनी तांब्याबरोबर सेल्फी घेतला. सातव्या मजल्यावरच्या एकांनी विचारलं, पाठ दुखते, फोटोवरून घरी काढून आणू का? सर म्हणाले, "बाळ, तांब्या समोर आहे." बाळ एकसष्ट वर्षांचं आहे.

घंटा झाली आणि हॉल एकदम गप्प झाला. या सोसायटीत एवढी शांतता मी सर्वसाधारण सभेतल्या हिशेबवाचनानंतर पहिल्यांदाच अनुभवली. मग एकेक फोन वाजायला लागले. सरांनी टॉवेलच्या मागची वेताची टोपली पुढे केली आणि सगळे फोन तीत गोळा केले. टोपलीतून अधूनमधून आवाज येत राहिले, पण कुणाचा कुठला हे कळेना, त्यामुळे कुणी उठलंही नाही.

तांब्यानं बहुतेकांची विकेट काढली. तांब्याचं तोंड सगळ्यांनी लंबगोल काढलं, ते दिसतं. पण बूड काढताना पट्टीनं मारल्यासारखी सरळ रेघ. सर बाकामागून फिरत होते. एकांच्या कागदावर बोट ठेवून म्हणाले, "वरून तोंड दिसतंय ना? मग तळाला गोलाई नको? तोंड गच्चीवरून बघितलंत आणि बूड जमिनीवर झोपून?" त्या गृहस्थांनी खोडून पुन्हा सरळच रेघ काढली, कारण स्टूल सपाट आहे, तर तांब्याचं बूडही सपाटच असणार. समोर दिसतंय त्यापेक्षा आपल्याला माहीत आहे ते काढायचं, ही सवय पन्नाशीनंतर जात नसावी.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आधी कागदभर ठिपके काढले. रांगोळीची सवय. मग ठिपके जोडून तांब्या. तांब्या अगदी सममित आला, फक्त मागचा टॉवेलही सममित आला.

मांडणी आवरताना एक वांगं कमी भरलं. संध्याकाळी बी विंगच्या जिन्यात भरताचा वास होता. नोंद करून ठेवते, कारवाई नाही.

६ जुलै, रविवार (आषाढी)

उपासामुळे साबुदाण्याची खिचडी सगळ्यांना, त्यामुळे हजेरी जास्त. पेपर दुसरा, स्मरणचित्र. फळ्यावर विषय: 'लिफ्टमधील एक प्रसंग. मानवाकृती आवश्यक.'

ज्यांचं एलिमेंटरी झालंय त्यांना स्मरणचित्राच्या युक्त्या आठवत असतील. चेहरा जमत नाही म्हणून माणसं पाठमोरी काढायची. बोटं जमत नाहीत म्हणून हात खिशात घालायचे. पाऊल जमत नाही म्हणून पुढे गवत काढायचं. पस्तीस वर्षांनंतरही कुणी काही विसरलेलं नाही. लिफ्टमधली सगळी माणसं भिंतीकडे तोंड करून, हात खिशात घालून उभी. एका चित्रात तर लिफ्टमध्ये गवत.

इंजिनिअर काकांनी पट्टी, गुण्या आणि कंपास काढून वरून दिसणारी लिफ्ट काढली. प्लॅन. माणसं म्हणजे गोल, खांदे म्हणजे लंबगोल, खाली स्केल लिहिलेलं. "मानवाकृती कुठंय?" मी विचारलं. "वरून माणूस असाच दिसतो," म्हणाले. खोटं नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या सहावीतल्या मुलीनं कुत्रा, मालक आणि लिफ्टच्या फरशीवर जे नसायला हवं ते काढलं. कुत्रा बराचसा गाईवर गेलाय. सी विंगच्या मुलानं (तो ग्राफिक डिझायनर आहे) पाच मिनिटांत तीन रेघा मारल्या आणि उरलेला वेळ मागे टेकून बसला.

दुपारी कागद गोळा केल्यावर एक गोष्ट लक्षात आली. विषय मोकळा होता, तरी अर्ध्याहून जास्त चित्रांत एकच माणूस होता. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, शर्टाच्या खिशात दोन पेनं, आणि फोन कानाला न लावता तोंडासमोर पापडासारखा आडवा धरलेला. चेहरा एकालाही जमला नव्हता. तरी ओळखू न येण्याचा प्रश्न नव्हता. तांब्याचं बूड समोर असून ज्यांना दिसलं नाही, त्यांना दोन पेनांपैकी एकाचं टोपण लाल आहे हे मात्र पाठ होतं.

आमचे चेअरमनसाहेब या परीक्षेला बसले नव्हते. ते लिफ्टच्या देखभालीच्या माणसाशी फोनवर बोलत होते.

१३ जुलै, रविवार

तपासणी. सरांची पद्धत अशी: सगळी चित्रं जमिनीवर पसरायची, चष्मा काढायचा आणि उभ्यानं बघायचं. चष्म्याशिवाय जे चित्र कळतं ते एका बाजूला. मग चष्मा लावून उरलेली. तीन ढीग झाले.

शेरे जसेच्या तसे उतरवते.
पाठमोऱ्या माणसांना: "यांना परत फिरवून घरी पाठवा."
डिझायनरला: "हुशारी दिसते, लिफ्ट दिसत नाही."
काकूंना: "माणसं ठिपक्यावर उभी आहेत, पण उभी आहेत."
गाईच्या कुत्र्याला: "कुत्रा कसाही असो, मालकानं मान कुठे वळवलीये बघा. ए."
प्लॅनला बराच वेळ बघून: "हे चित्रकलेत बसत नाही. बाजूला ठेवा, फेकू नका."

संध्याकाळी चित्रं हॉलच्या भिंतीवर लावली. 'छान'ला बंदी असल्यामुळे लोकांची पंचाईत झाली. आपल्याकडे चित्र दाखवलं की 'छान' म्हणून पुढे सरकायची सोय आहे, तीच बंद. मग वाक्यं येऊ लागली. "मेहनत दिसते." "रंग भरपूर वापरलेत." "कागद चांगला आहे." एक बाई सासूबाईंच्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहून म्हणाल्या, "मोठं आहे." सासूबाई खूश झाल्या.

चेअरमनसाहेब आले. एकेका चित्रासमोर थांबून त्यांनी फोनवाल्या माणसाला अगदी बारकाईनं पाहिलं आणि खदखदून हसले. "हा बी विंगचा ना? चौथ्या मजल्यावरचा?" बाजूला उभ्या असलेल्या सगळ्यांनी मान डोलावली. बी विंगच्या चौथ्या मजल्यावरचे गृहस्थही तिथेच होते. त्यांनीही डोलावली. तोंडावर कसं सांगायचं? हाही शिष्टाचारच, आणि बहुधा बाकीच्या सगळ्या शिष्टाचारांची वाट यानंच लावलेली आहे.

२० जुलै, रविवार

निवड समिती: सर, मी आणि सहाव्या मजल्यावरची मुलगी. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत स्क्रीनवरची चित्रं लोकांना कळतात की नाही हे तपासते. तिचं म्हणणं, चित्राला ग्रेड देऊन भागत नाही, चित्राची परीक्षा बघणाऱ्यावर घ्यायला हवी. धोक्याच्या चिन्हांसाठी अमेरिकेत एक मानक आहे. चाचणीत किमान ८५ टक्के लोकांना चिन्हाचा अर्थ बरोबर सांगता यायला हवा, आणि बरोबर उलटा अर्थ लावणारे ५ टक्क्यांच्या वर नसावेत. हा दुसरा आकडा मला फार आवडला. न कळणं वेगळं आणि उलटं कळणं वेगळं, हे कुणीतरी मोजतं.

तिनं टोकियो मेट्रोची पोस्टरं दाखवली. योरिफुजी बुन्पेई या चित्रकारानं २००८ पासून काढलेली, पिवळी-काळी. डब्यात कुणी मेकअप करतंय, कुणी हातपाय पसरून झोपलंय, आणि वर लिहिलंय, 'हे घरी करा.' कुणाला ओरडलेलं नाही, नुसतं घरी पाठवलंय. सरांना आवडली. मग लिफ्टशेजारच्या हिरव्या दिव्यातल्या पळणाऱ्या माणसाचा विषय निघाला. तोही जपानीच, युकिओ ओता यांचा. १९८५ पासून तो आंतरराष्ट्रीय मानकात आहे.

सर म्हणाले, जपानपर्यंत कशाला जाता? पहिल्या लोकसभेच्या वेळी आपल्याकडे शंभरातल्या अठरा जणांनाच वाचता येत होतं. मतपेट्यांवर चित्रं नसती तर निवडणूक झाली असती का? निवडणूक आयोगात एम. एस. सेठी नावाचे ड्राफ्ट्समन होते. १९९२ साली निवृत्त होईपर्यंत ते रोजच्या वापरातल्या वस्तू पेन्सिलनं काढत राहिले. त्यात कुठे स्टाइल नाही, कुठे हुशारी नाही. कपबशी म्हणजे कपबशी. "प्रत्येक घरात पोचलेला चित्रकार, आणि सही कुठेच नाही," सर म्हणाले. हे सांगताना डिझायनरकडे बघत नव्हते, पण तो समोरच बसला होता.

चाचणीसाठी चार चित्रं निवडली: डिझायनरचा स्पीकर, काकूंच्या चपला, सहावीतल्या मुलीचा कुत्रा आणि सॅकसाठी इंजिनिअर काकांचा प्लॅन. शेवटचं माझ्या आग्रहावरून.

२७ जुलै, रविवार

चाचणी. नियम: चित्र दाखवायचं, 'यात काय सांगितलंय' एवढंच विचारायचं, सुचवायचं नाही, मान डोलवायची नाही. मान न डोलवणं मला फार जड गेलं.

डिझायनरचा स्पीकर: एक तोंड, एक फोन, त्यातून निघणाऱ्या तीन वक्र रेघा, त्यावर बारीक तिरकी रेघ. उत्तरं अशी. "इथे वायफाय आहे." "लिफ्टमध्ये रेंज येते." "फोनवर फुंकर मारा." रात्रपाळीच्या वॉचमनदादांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "कोरोनाचं जुनं आहे का?" बऱ्याच जणांनी बरोबर उलटा अर्थ लावला. ५ टक्क्यांची मर्यादा पहिल्या मजल्यावरच ओलांडली.

काकूंच्या चपला: बोळात मांडलेल्या चपलांची अशी सुरेख नक्षी झालीये, की लोकांना चपलांची स्पर्धा आहे असं वाटलं. एका बाईंनी प्रवेश फी विचारली.

कुत्रा: निम्म्या लोकांनी गाय म्हटलं, पण 'उचला' हे सगळ्यांनी सांगितलं. शेण असलं तरी उचलायचंच, त्यामुळे पास.

प्लॅन सगळ्यात शेवटी. लिफ्टचा चौकोन, आत पाच गोल. एका गोलाच्या मागे सॅकचा मोठा काळा चौकोन. चौकटीबाहेर, दाराशी, सहावा गोल एकटा उभा. काहीच लिहिलेलं नाही. दूध आणायला निघालेल्या आजोबांनी दोन सेकंद पाहिलं आणि काळ्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाले, "हा उतरवला तर हा मावतो." सहाव्या गोलावर बोट. मुलांनाही कळलं. समोरून काढलेल्या चित्रात सॅक माणसामागे लपते. वरून काढली की ती किती जागा खाते ते दिसतं. चित्रकलेत न बसणारं चित्र पहिलं आलं.

किराणा घेऊन आलेल्या एका डिलिव्हरीच्या मुलालाही विचारलं. पाठीवर ती भली मोठी चौकोनी बॅग, हातातल्या फोनवर वेळ उलटी चाललेली. तरी थांबला. प्लॅन बघून म्हणाला, "मॅडम, हा काळा चौकोन मी आहे." मग बॅग उतरवून पायाशी ठेवली. आम्ही काही सांगितलं नव्हतं. जाताना म्हणाला, "पण तो बाहेर उभा आहे ना, तोपण मीच असतो बऱ्याचदा."

३ ऑगस्ट, रविवार

सगळ्यांना इंजिनिअर काकांच्या पद्धतीनं पुन्हा काढायला सांगायचं की काय यावर चर्चा. सरांनी नकार दिला. स्पीकरचा प्लॅन निघत नाही, आवाज वरून दिसत नाही.

मग स्मरणचित्रांचा गठ्ठा पुन्हा काढला. स्पीकरवर बोलणारा माणूस त्यात इतक्या जणांनी इतक्या वेळा काढलाय, की नव्यानं काही शोधायची गरजच नव्हती. डिझायनरनं सगळे कागद टेबलावर ओळीनं मांडले, प्रत्येकातून एकेक तपशील उचलला: किल्ल्या एका चित्रातून, पेनं दुसऱ्यातून, आडवा फोन तिसऱ्यातून. आजूबाजूला चार माणसं, कान झाकलेली. तीही काकूंच्या ठिपक्यांवर बेतलेली, म्हणून सरळ उभी. सरांनी चष्मा काढून पाहिलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग डिझायनरला म्हणाले, "आता तुझी हुशारी दिसत नाही." मुलाला आधी राग आला, मग कळलं.

किल्ल्या आणि पेनं काढून टाकावीत का, असा प्रश्न मी विचारला. मतदान घेतलं. ठेवायची ठरली.

१० ऑगस्ट, रविवार

काल राखीपौर्णिमा. सोसायटीभर पाहुणे, म्हणजे आयते, चित्रं न पाहिलेले डोळे. नारळीभात खाऊन निवांत बसलेल्या भावांवर दुसरी चाचणी केली. स्पीकरचं नवं चित्र सगळ्यांना कळलं. नाशिकहून आलेले एक पाहुणे म्हणाले, "असा एक आमच्याकडेपण आहे." सांगलीचे म्हणाले, "तो इथं कसा आला?" चपलांचं चित्र काकूंनी पुन्हा काढलं, मुद्दाम वाईट. तेही पास झालं, पण काकूंनी त्यावर नाव घालायला नकार दिला.

१७ ऑगस्ट, रविवार

छपाई सनबोर्डवर, ए-३ आकारात. छापणारा म्हणाला, खाली दोन ओळी टाकून देऊ का, जागा रिकामी दिसते. नको म्हटलं. "मग लोकांना कळणार कसं?" चित्र दाखवलं. "हां, ते कळलं," म्हणाला.

ग्रेड फलकावर लागल्यापासून पुनर्मूल्यांकनाचे अर्ज यायचे थांबत नाहीत. पाचव्या मजल्यावरच्या आजोबांनी सी ग्रेडविरुद्ध फुलस्केपवर दोन पानी अर्ज दिला. लिफ्टमधलं गवत ही कलात्मक मुभा आहे, असं त्यात म्हटलंय. सरांनी अर्जाच्या अक्षराला ए दिली आणि ग्रेड तशीच ठेवली.

२४ ऑगस्ट, रविवार

मांडव घालणाऱ्यांचीच शिडी मागून घेतली आणि तिन्ही लिफ्टमध्ये चित्रं लावली. जुन्या पाट्या काढल्या. त्यातली 'चपला दान' बी विंगच्या लोकांनी आठवण म्हणून मागितली, दिली.

ए विंगच्या लिफ्टमध्ये स्पीकरच्या चित्राचा शेवटचा स्क्रू मारत होतो तेवढ्यात चेअरमनसाहेब आले. चित्र पाहून भारी खूश. तिथल्या तिथे नागपूरच्या धाकट्या भावाला व्हिडिओ कॉल लावला. लिफ्टचं दार बंद झालं. आत मी, सर, शिडीवाला, काकू आणि बी विंगचे चौथ्या मजल्यावरचे.

"बघ, आमच्या पोरांनी काय केलंय!" फोन तोंडासमोरून काढून चित्रासमोर धरला. कमरेच्या किल्ल्या वाजल्या.

पलीकडून आवाज लिफ्टभर घुमला, "दादा, हा तर तूच दिसून राहिला ना!"

साहेबांनी फोन पुन्हा तोंडासमोर आडवा धरला. "अरे, लिफ्टमध्ये रेंज नाहीये, तुला नीट दिसत नाहीये. थांब, वर पोचलो की दाखवतो."

"दिसून राहिलं बाप्पा! लाल टोपणपण दिसून राहिलं!"

काकू मजल्याचे आकडे मोजत होत्या. सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. सातवा मजला आला, साहेब बोलत बोलत बाहेर पडले, आणि त्यांच्या मागे लिफ्टमध्ये शिरलेल्या माणसानं आधी पाठीवरची सॅक उतरवली.